आधी देवाची गोष्ट, मग आज्ञा: घरी मुलांना ख्रिस्ती विश्वास आणि पवित्र शास्त्र कसं द्यावं

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आईबापांना दिलेली आज्ञा बहुतेक विश्वासी घरांत माहीत असते. देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. त्याच अध्यायात पुढे, २०व्या वचनापासून जे आहे ते मात्र वाचायचं राहून जातं. तिथे मोशे इस्राएल लोकांना म्हणतो, पुढे तुझा मुलगा विचारील की ह्या आज्ञांचा अर्थ काय. मग उत्तर काय द्यायचं तेही तो सांगतो. त्या उत्तरात नियम समजावून सांगितलेले नाहीत. आम्ही मिसरात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं, इथून ते सुरू होतं. दहा आज्ञांचंही तसंच आहे. निर्गम पुस्तकाच्या २०व्या अध्यायात पहिली आज्ञा येण्याआधी देव स्वतः काय केलं ते सांगतो.

घरातलं सगळं ख्रिस्ती शिक्षण ह्याच क्रमाने चालावं असं मला मनापासून वाटतं. आधी देवाने काय केलं, मग आपण कसं वागायचं. हा क्रम उलटला की मुलांच्या हाती फक्त चांगल्या वागणुकीचे धडे उरतात आणि देव त्यांच्यावर नजर ठेवणारा हवालदार होतो. असं मूल शाळेत असेपर्यंत शहाण्यासारखं वागतं आणि घराबाहेर पडलं की देवालाही मागे ठेवून जातं.

सुरुवात स्वतःपासून

मुलांसाठी पुस्तकं आणण्याआधी एक काम करा. एका कागदावर दहा-बारा ओळींत तुमची स्वतःची गोष्ट लिहा. येशू तुम्हाला कोणामुळे कळला, कोणत्या संकटात त्याने धरून ठेवलं, कोणती प्रार्थना ऐकली गेली आणि कोणती अजून तशीच आहे. शेवटचा भाग गाळू नका. ही गोष्ट मुलांना एकदाच बसवून ऐकवायची नाही. संधी मिळेल तसे तिचे तुकडे वर्षानुवर्षं सांगत राहायचे. आईबापांचा विश्वास कुठून आला हे माहीतच नसलेली मुलं कितीतरी विश्वासी घरांत असतात, आणि ह्याची मला खंत वाटते.

घरात दोघांपैकी एकच जण विश्वासात असेल तर खचू नका. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे वडील ग्रीक होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत १६व्या अध्यायात सांगितलं आहे. त्याला विश्वास मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, आणि पौल त्या दोघींची नावं घेऊन हे लिहितो. आजीआजोबांनी हे वाचत असाल तर आपलं काम दुय्यम समजू नका.

वेळ ठरवा, आणि ती लहान ठेवा

कौटुंबिक प्रार्थना मोडते ती बहुधा लांबल्यामुळे. पाच वर्षांखालच्या मुलाला पाच मिनिटं पुरे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दहा ते पंधरा मिनिटं. त्यापुढे गप्पा रंगल्या तर रंगू द्याव्यात, पण वाचन लांबवू नये. ही वेळ रोज आपोआप होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा, म्हणजे रात्रीच्या जेवणाला किंवा निजण्याला. 'सवड मिळेल तेव्हा' ठरवलं तर सवड मिळत नाही.

साचा साधा असू द्या: एक लहान उतारा, त्यावर थोडं बोलणं, एक प्रार्थना, जमलं तर एक गीत. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी राहिलेलं भरून काढायला जाऊ नका. जिथे होतात तिथून पुढे चला.

इ. स. ४००च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने (मंडळीच्या सेवकाने) उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्याकडे तक्रार केली होती की नव्या लोकांना विश्वास शिकवताना माझं मलाच कंटाळवाणं होतं. ऑगस्टीनने त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. जगाच्या उत्पत्तीपासून देवाची गोष्ट सांग, आनंदाने सांग, आणि ऐकणारा उभ्याने थकून जांभया देऊ लागला तर त्याला बसायला जागा दे, असं त्यात आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला मुलांना शिकवणाऱ्यांना आजही लागू पडतो. मूल चुळबुळ करू लागलं म्हणजे ते देवापासून दूर चाललंय असं नसतं. ते थकलेलं असतं.

काय वाचायचं आणि कोणत्या क्रमाने

उत्पत्तीपासून सुरू करून सरळ प्रकटीकरणापर्यंत जायचा संकल्प अनेक घरं करतात आणि लेवीय पुस्तकात अडकतात. मुलांसोबत सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करावी. ते १६ अध्यायांचंच आहे, प्रसंग झरझर पुढे सरकतात आणि मुलांची येशूशी थेट ओळख होते. त्यानंतर उत्पत्तीपासून निर्गमाच्या २०व्या अध्यायापर्यंत. मग रूथ आणि योना, प्रत्येकी चार-चार अध्याय; शमुवेल आणि दावीद; दानीएलाचे पहिले सहा अध्याय; एस्तेर. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये. नीतिसूत्रांत ३१ अध्याय आहेत, त्यामुळे मोठ्या मुलांना तारखेप्रमाणे रोज एक वाचता येतो. स्तोत्रं मात्र सगळ्या वर्षभर अधूनमधून येत राहावीत.

काही भाग थांबू शकतात. शास्ते पुस्तकाचा १९वा अध्याय अत्याचाराचा आणि हिंसेचा आहे, तो लहान मुलांसमोर वाचू नये. नोहाची गोष्ट अगदी तान्ह्यांच्या चित्रांच्या पुस्तकातही असते, पण ती न्यायाची आणि मृत्यूची गोष्ट आहे. ती सांगाल तेव्हा नवव्या अध्यायातल्या मेघधनुष्याच्या करारापर्यंत त्याच बैठकीत पोचा. मुलाला पुरातच सोडून दिवा मालवू नका.

एकच भाषांतर निवडून त्याला धरून राहा, नाहीतर पाठांतरात गोंधळ होतो. मित्राचं बायबल जाड का, असं मुलाने विचारलं तर साधं उत्तर द्या: प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिक बायबलात ७३. नव्या कराराची २७ दोघांचीही सारखीच.

गोष्ट कशी सांगावी

इथे थोडं रेंगाळतो, कारण बाकी सगळं ह्यावर उभं आहे.

मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी असलेली वादळाची गोष्ट घ्या. मुलांना सांगण्याआधी ती स्वतः दोनदा वाचा आणि पेन्सिलीने तपशिलांखाली रेघ मारा. संध्याकाळ झाली आहे. येशूच्या नावेबरोबर दुसऱ्याही नावा आहेत. येशू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. लाटा आत येताहेत, नाव भरत चालली आहे. शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय ह्याची तुम्हाला काळजी नाही का? तो वाऱ्याला दटावतो आणि सगळं निवांत होतं. ह्यानंतर मार्क म्हणतो की शिष्य फार घाबरले. वादळ शमल्यावर त्यांना ही भीती वाटली, आणि ते एकमेकांना विचारू लागले की हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही ह्याचं ऐकतात!

आता सांगताना पुस्तक बंद करा. उशी, पाणी, ओरडणं, सगळं सांगा. आवाज चढवा, मग एकदम थांबा. आणि शेवट शुभवर्तमानाने जिथे केला तिथेच करा, 'हा आहे तरी कोण?' ह्या प्रश्नावर. 'म्हणून बाळा, आपणही कधी घाबरायचं नाही' हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळून टाका. ते वाक्य गोष्टीतली नजर येशूवरून काढून मुलाच्या भित्रेपणावर आणतं. रात्री अंधारात भीती वाटणाऱ्या मुलाला मग आपल्यात विश्वास कमी आहे असं वाटू लागतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. तुला ह्यात काय दिसलं? येशू कसा आहे असं वाटलं? तू नावेत असतास तर काय म्हणाला असतास? उत्तर चुकलं तरी लगेच सुधारू नका. मुलं दोन दिवसांनी आंघोळ करताना त्याच गोष्टीचा वेगळाच प्रश्न काढतात, आणि तेव्हा खरं शिकणं होतं.

दावीद आणि गल्याथाची गोष्ट बहुतेक वेळा 'दाविदासारखा शूर हो' इथे संपवली जाते. पण १ शमुवेल १७मध्ये दावीद स्वतःच म्हणतो की हे युद्ध परमेश्वराचं आहे. शिवाय ह्याच दाविदाचं बथशेबेबरोबरचं पाप आणि तिचा नवरा उरीया याचा खून पवित्र शास्त्र झाकत नाही. याकोब बापाला फसवतो, पेत्र प्रभूला तीनदा नाकारतो. लहानपणी ह्या माणसांना निष्कलंक नायक म्हणून सांगितलं, तर पंधराव्या वर्षी २ शमुवेल ११ वाचताना मुलाला आपण फसवले गेलो असं वाटतं. वयाला झेपेल इतपत, पण सुरुवातीपासून सांगा की ही सगळी चुकणारी माणसं होती आणि देवाने त्यांना सोडलं नाही.

पाठांतर: स्तोत्र २३ घेऊन

सुटी वचनं पाठ करण्यापेक्षा सलग उतारा पाठ करणं चांगलं. त्याला आगापिछा असतो आणि तो विसरला तरी धागा पुन्हा सापडतो. स्तोत्र २३ फक्त सहा वचनांचं आहे. दोन आठवडे द्या.

पहिल्या दिवशी पाठ करायचं नावही काढू नका. मोठ्याने वाचा आणि मुलाला त्यात काय काय दिसतं ते चित्रात काढू द्या: कुरण, पाणी, दरी, काठी, ताट, पेला, घर. दुसऱ्या दिवशी पहिलं वचन: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' तुम्ही अर्धं म्हणा, उरलेलं त्याने. पुढचं वचन घेण्याआधी आधीची सगळी म्हणायची. साधारण दोन दिवसांना एक वचन ह्या चालीने जा. लिहिलेल्या कागदावरचे शब्द रोज एक-दोन झाकत गेलात तर मुलांना खेळ वाटतो. बसूनच म्हणायला हवं असं नाही. चालताना, जिना चढताना म्हणा.

चौथ्या वचनापाशी थांबा. तोवर दावीद देवाविषयी आपल्याला सांगत होता. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडताच तो वळून देवाशीच बोलू लागतो, तू माझ्याबरोबर आहेस असं. हे मुलाला दाखवा आणि विचारा, इथे तो असा का वळला असेल? हे ज्याने एकदा पाहिलं त्याला ते स्तोत्र पुढे ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही उपयोगी पडेल.

पाठ झाल्यावर उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. उजळणीवाचून केलेलं पाठांतर वाया जातं. पुढे घेण्यासारखे उतारे: मत्तय ६मधली प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, स्तोत्र १००, स्तोत्र १२१, मत्तय ५मधली धन्यवचनं, १ करिंथ १३ आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची शेवटची दोन वचनं. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायचा आग्रह कधीही धरू नका. आणि वचन दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा देऊ नका. देवाचं वचन शिक्षेचं साधन झालं की त्याची गोडी गेली.

थोडी मोठी मुलं असतील तर प्रश्नोत्तराची जुनी पद्धत फार उपयोगी आहे. १५२८च्या सुमारास जर्मनीतल्या सॅक्सनीतल्या मंडळ्या (स्थानिक चर्च) पाहताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला आढळलं की साध्या लोकांना दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), प्रभूची प्रार्थना हेही येत नाही. त्याने १५२९मध्ये घरच्या कर्त्यासाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, आणि तिच्यात 'ह्याचा अर्थ काय?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतले १२९ प्रश्न तर वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले आहेत. तुमच्या मंडळीची जी प्रश्नोत्तरी असेल ती घ्या आणि आठवड्याला एकच प्रश्न चालवा.

प्रार्थना

मुलं प्रार्थना ऐकून शिकतात. म्हणून त्यांच्यासमोर साध्या बोलीत प्रार्थना करा. चर्चमधल्या भारदस्त भाषेची नक्कल केलीत तर ती त्यांना परकी वाटेल. आभार, क्षमा आणि मागणं, इतकं पुरे. क्षमेचा भाग खरा असू द्या. मुलावर विनाकारण ओरडला असाल तर आधी मुलाची माफी मागा आणि मग त्याच्यादेखत देवाची. पापांची क्षमा म्हणजे काय हे मुलाला ह्यातून जितकं कळेल तितकं कुठल्याच धड्यातून कळणार नाही.

मूल 'मी नाही करणार प्रार्थना' म्हणालं तर जबरदस्ती नको. 'बरं, आज मी करतो, तू ऐक' एवढंच म्हणा.

अवघड प्रश्न

आजोबा वारले की आपण सहज म्हणून जातो, देवाला ते आवडले म्हणून त्याने नेलं. असं कृपा करून म्हणू नका. मूल विचार करतं: मग त्याला उद्या आई आवडली तर? योहानाचा ११वा अध्याय उघडा. मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही. मुलाला सांगा की मरण वाईटच आहे, येशूलाही त्याचं दुःख झालं, आपणही रडू या. आणि येशू मेलेल्यांतून उठला म्हणून आजोबांची गोष्ट इथे संपत नाही.

'मी प्रार्थना केली तरी देवाने का नाही दिलं?' ह्याला लगेच कारण जोडू नका. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही, हे सांगा. स्तोत्र १३ वाचा, जिथे दावीद 'किती वेळ?' असं पुन्हा पुन्हा विचारतो. देवाकडे गाऱ्हाणं मांडता येतं हे कळलेलं मूल रागावलं तरी देवाशी बोलणं सोडत नाही.

विज्ञान आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय हा प्रश्न साधारण दहाव्या वर्षापासून येतोच. त्यातल्या सृष्टीच्या सहा दिवसांचा अर्थ विश्वासी माणसं वेगवेगळ्या प्रकारे लावतात, हे लपवू नका. तुमच्या मंडळीची शिकवण सांगा, आणि जिथे सगळे ख्रिस्ती एक आहेत तेही सांगा: हे सगळं देवाने केलं आणि ते चांगलं आहे. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून शोधून १८६६मध्ये प्रसिद्ध करणारा ग्रेगोर मेंडेल मठातला भिक्षू होता, आणि १९२७मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचं मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. विज्ञान शिकायचं तर देव सोडावा लागेल असं वाटणाऱ्या मुलाला ही दोन नावं माहीत असू द्या.

बाकी प्रश्नांसाठी 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' हे उत्तर चालतं, पण मग खरोखर शोधा. रविवारी पाळकांना किंवा फादरना मुलासमोर विचारा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरूंमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता असं लूक लिहितो. प्रश्नांना दडपणाऱ्या घराने हा प्रसंग पुन्हा वाचावा.

शिस्त आणि देवाचं नाव

'येशूला राग येईल', 'देव शिक्षा करील' असं घरच्या शिस्तीसाठी म्हणू नका. भाजी खाल्ली नाही हे तुमचं आणि मुलाचं भांडण आहे, त्यात देवाला ओढू नका. पौलाने आज्ञा पाळायला मुलांना सांगितलं, आणि लगेच बापांनाही सांगितलं की मुलं खचून जातील असं त्यांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं हे दुसरं वचनही घरात तितक्याच वेळा वाचलं जावं.

मंडळी

रॉबर्ट रेक्सने १७८०मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला संडे स्कूल (रविवारची शाळा) चालवलं ते मुख्यतः आठवडाभर कामाला जाणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. विश्वास शिकवायचं घरातलं काम आठवड्यातल्या त्या एका तासावर सोपवता येत नाही. पण मुलांना उपासनेत आपल्याशेजारी बसवा, गीतं येऊ द्यात, आणि आईबापांखेरीज निदान दोन-तीन प्रौढ विश्वासी माणसं त्यांना नावाने ओळखत असतील हे पाहा. चर्चमधून परतताना उपदेशकाची उणीदुणी काढू नका; मागे बसलेली मुलं ऐकत असतात.

किशोरवय आणि पुढे

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना हिच्या एकोणीस मुलांपैकी दहा जगली. इतक्या गर्दीतही ती आठवड्यातून एक संध्याकाळ एकेका मुलाला एकट्याला देत असे. जॉनचा वार गुरुवार होता, आणि मोठेपणी, धर्मगुरू झाल्यावरही त्याने आईला पत्रात त्या गुरुवारची आठवण करून दिली. तुमच्या किशोरवयीन मुलासाठी असा एक ठरलेला वेळ काढा. फोन बाजूला, विषय त्याचा. विश्वासाची गोष्ट निघाली तर बोला, नाही निघाली तर ओढूनताणून काढू नका.

बाप्तिस्मा किंवा दृढीकरणाचा (आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा) निर्णय तुमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे ह्या वयात येतो. 'बरोबरीच्या सगळ्यांचं झालं' ह्या कारणासाठी घाई करू नका. तुला येशू कोण वाटतो, हे त्याला आपल्या शब्दांत सांगता येतंय का ते पाहा. शिक्षणासाठी घर सोडायच्या आधीच्या वर्षी घरच्या प्रार्थनेची जबाबदारी आलटून पालटून त्याच्यावर टाका, म्हणजे एकट्याने वाचायची सवय लागेल. नव्या गावात पहिल्या महिन्यातच चर्च शोधायला सांगा. पुढे ढकललं की राहून जातं.

कधी इतकं सगळं करूनही मूल विश्वासापासून दूर जातं. मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून वळणार नाही, हे नीतिसूत्रे २२:६ मधलं वचन शहाणपणाचा बोल आहे, हमीपत्र नाही, आणि ते दाखवून आईबापांना दोषी ठरवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ऑगस्टीनच्या आईने, मोनिकाने, एका बिशपला गळ घातली होती की माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा. बिशपने नकार दिला. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला असू दे आणि प्रार्थना करत राहा, असं त्याने सांगितलं. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा इ. स. ३८७मध्ये झाला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

अशा मुलाशी संबंध तुटू देऊ नका. तो घरी आल्यावर तुमची रोजची प्रार्थना नेहमीप्रमाणे चालू ठेवा. बसायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. मेसेजवर रोज वचनं पाठवायचं थांबवा. त्याच्या परीक्षा, नोकरी, मित्र यांची चौकशी मनापासून करा. नातेवाइकांसमोर त्याच्या विश्वासाचा विषय काढू नका, आणि चर्चमध्ये कोणी विचारलं की तो हल्ली दिसत नाही, तर त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या.